मंत्रिमहोदय, पुलाच्या शिरोलीजवळून नक्की किती हायवे जातात?

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

कोल्हापूर शहरातून बाहेर पडून पुणे-बेंगलोर हायवेला लागायचं असेल, तर तावडे हॉटेलच्या चौकात यावं लागतं. तिथून पुण्याच्या दिशेला वळलं की पंचगंगेचा पूल, आणि पूल उतरून थोडं पुढं गेलं की सांगली फाटा. त्या बाजूच्या गावाचं नावच मुळी ‘शिरोली पुलाची’. माझं ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान फाट्याच्या पलीकडं आहे आणि घर शहरात. त्यामुळं हा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा बावीस वर्षं मी रोज जाऊन-येऊन तुडवतोय.

या तुकड्याला आकडे किती आहेत, ते आधी मोजून सांगतो. मी शाळेत असताना हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता. 2010 साली आपल्या खात्यानं देशभरातले क्रमांक नव्यानं लावले आणि हा ४८ झाला, दिल्लीपासून चेन्नईपर्यंत एकच. शिवाय तो आशियाई महामार्ग ४७ पण आहे. आमच्याकडची पोरं त्याला ‘एके ४७’ म्हणतात, ते सोडून द्या. आता रत्नागिरीकडून आंबा घाट चढून जो रस्ता येतो तो १६६. (पूर्वी तो २०४ होता.) त्याची सांगलीकडं जाणारी वाहतूक कोल्हापुरातून निघते, तावडे हॉटेलला हायवेवर चढते, हाच पूल ओलांडते आणि सांगली फाट्याला उजवीकडं सुटते. नवा चौपदरी रस्ता होईल तेव्हा होईल, आजवर तरी असंच चाललंय. म्हणजे पुलावर उभा असलेला माणूस एकाच वेळी ४८ वर आहे, १६६ वर आहे आणि आशियाई ४७ वर पण आहे. आणि त्याला विचाराल तर तो सांगणार, “चारवर हाय की!”

नव्या क्रमांकांमागं शिस्त आहे हे मला मान्य आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडं वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडं वाढत जाणारे. तीन आकडी म्हणजे शाखा. ६६ म्हणजे मुंबई-गोवा हायवे, त्याची शाखा १६६. कागदावर हे छानच दिसतं. पण १६६ धावतो पश्चिमेकडून पूर्वेकडं आणि आकडा आहे सम, कारण शाखेला बापाचा आकडा लागतो. हे रस्त्यावरच्या माणसाला कोण समजावून सांगणार? आमच्या दुकानात येणाऱ्या एका जुन्या ट्रक ड्रायव्हरला ४८ म्हटलं की अजून बेंगलोर–मंगळूर आठवतं, कारण जुना ४८ तोच होता. त्याचं काही चुकत नाही.

लोक या रस्त्याला काय म्हणतात, ते आता ऐका. म्हातारी माणसं ‘पूना-बेंगलोर रोड’ म्हणतात, बाकीचे नुसतं ‘हायवे’. निपाणी ओलांडून बेळगावात गेलात की तोच ‘पी. बी. रोड’ होतो. तिथला हायवे केव्हाच गावाबाहेर गेला, पण गावातल्या जुन्या रस्त्याला नाव चिकटून राहिलंय. धारवाड, हुबळी, पार दावणगेरेपर्यंत पी. बी. रोडच. भाषा मराठीची कन्नड झाली, राज्य बदललं, नाव तेच. १६६ ला आम्ही एका बाजूला रत्नागिरी रोड म्हणतो आणि दुसऱ्या बाजूला सांगली रोड. मधल्या तुकड्यावर तो हायवेच्या पोटात असतो, तेव्हा त्याला नावच नसतं. रस्ता फुटतो त्या जागेला आपल्याकडं शब्द भरपूर: फाटा, तिठा, चौफुला, नाका. दोन रस्ते एकत्र चालतात त्याला मात्र एकही नाही. कारण लोकांच्या लेखी तो एकच रस्ता असतो.

आता मुद्द्याचं. गेल्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमाराला माझ्या भाच्याची मोटारसायकल पुलाच्या उतारावर घसरली. त्यानं मला फोन केला, “मामा, पुलाच्या पुढं पडलोय.” मी घरातून निघता निघता एका मदतक्रमांकावर फोन लावला. सांगितलं, पूना-बेंगलोर रोड, सांगली फाट्याच्या अलीकडं. पलीकडून प्रश्न आला, हायवे नंबर? तोंडातून सवयीनं ‘चार’ गेलं. तो बिचारा शोधत बसला आणि म्हणाला, सर, चार नंबर महाराष्ट्रात दाखवत नाही. खरंच नाही. नव्या यादीत ४ नंबर अंदमानात आहे, हे मला नंतर कळलं. मग ४८ म्हणालो. पुढचा प्रश्न, किलोमीटर किती? पावसात, अंधारात, पडलेल्या पोरानं पिवळ्या डोक्याचा दगड शोधत फिरायचं का? तेवढ्यात तिथल्या चहाच्या टपरीवाल्यानं ओळखीच्या ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन केला होता: “तावडे हॉटेलकडनं ये, पूल उतारला की डाव्या अंगाला, टपरीफुडं.” एवढंच. मी पोचलो तेव्हा गाडी आली होती. पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आता बरा आहे, परत गाडी उडवतोय.

फोनवरच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या समोरच्या पडद्यावर आकडे होते आणि माझ्या तोंडात नावं. दोन्ही बरोबर, पण एकमेकांना ओळखत नव्हते.

लोकांना आकडे लक्षात राहत नाहीत, असं कुणी आपल्याला सांगेल. ते खोटं आहे. कोल्हापुरात कुणालाही, शाळेतल्या पोरालासुद्धा विचारा, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी किती? 39 फूट. धोका पातळी? 43. पाठ आहे, कारण तो आकडा बघून आम्ही सामान माळ्यावर टाकायचं की नाही ते ठरवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये याच सांगली फाट्याजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद झाला, 2019 ला तर कित्येक दिवस ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. तेव्हा ‘४८ बंद’ असं मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. सगळे विचारत होते, “शिरोलीला पाणी उतरलं का?”

आणि हे आपल्याला नवीन नाही. आपण नागपूरचे. तिथं ४४ आणि ५३ एकमेकांना छेदतात, पण नागपूरकराला वर्धा रोड, अमरावती रोड, भंडारा रोड एवढंच ठाऊक असतं. रस्त्याला पोचायच्या गावाचं नाव, संपला विषय. दुसरं उदाहरण तर आपल्याच खात्याचं आहे. आळंदी आणि देहूच्या पालख्यांच्या वाटांना आपण ९६५ आणि ९६५जी हे क्रमांक दिले, आणि सोबत ‘संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग’, ‘संत तुकाराम महाराज पालखी मार्ग’ ही नावंही दिली. तोंडले-बोंडल्याला दोन्ही वाटा एक होतात. तिथून पुढच्या रस्त्याचा क्रमांक कोणता, हा प्रश्न कुठल्या वारकऱ्याला पडत असेल? पण पालखी मार्ग कुठला म्हणून विचारा, बोट दाखवतील. तिथं जमलं ते इथं का जमू नये?

कागल ते सातारा सहापदरीकरण चालू आहे. म्हणजे फलक नव्यानं लागणारच आहेत. ते रंगवायच्या आधी एवढंच करा: जिथं दोन-तीन क्रमांक एकाच डांबरावर चालतात, तिथं ते सगळे एका पाटीवर एकत्र लिहा आणि वर मोठ्या अक्षरात, मराठीत, लोकांचं नाव टाका. ‘पुणे–बेंगलोर रस्ता’ असं. जुना क्रमांकही बारीक अक्षरात दहा-वीस वर्षं राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना पुलाचं नाव आणि किलोमीटर रात्री चमकेल अशा रंगात लिहा, खांबावर, डोळ्यांच्या उंचीला. दगड पावसाळ्यात गवतात बुडतात.

मदतक्रमांकाच्या पडद्यावर फाट्यांची नावं घाला, ही दुसरी विनंती. त्यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, आणि कुठल्या मार्गावर कुठला थांबा लागतो हे प्रत्येक आगाराला माहीत असतं. त्यात फाटे आहेत, पूल आहेत, साखर कारखाने आहेत, ‘अमुक मळा’ आणि ‘तमुक वस्ती’ आहेत. कंडक्टरला विचारलंत तर दोन थांब्यांच्या मधलं आंब्याचं झाड पण सांगेल. ती नावं किलोमीटरच्या आकड्यांशेजारी बसवली की काम झालं.

या बाजूला आलात तर दुकानात चहाला या. ड्रायव्हरला आकडा सांगू नका, घोटाळा होईल. तावडे हॉटेल, पूल, सांगली फाटा. फाटा सोडून सरळ या, डाव्या हाताच्या सर्व्हिस रोडला लाल ट्रॅक्टरचं बोनेट टांगलेलं दिसेल.

आपला,
शिरोलीचा एक स्पेअरपार्टवाला