साल्हेर चढला म्हणजे हिमालय जमला असे नाही

संपादक महोदय,

हिवाळा आला की नाशिकहून उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जाणाऱ्यांची तयारी सुरू होते. पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून दम वाढतो, हे खरे. पण उंचीचा त्रास दमदार माणसालाही गाठतो, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. आपला साल्हेर किल्ला १५६७ मीटर, केदारकंठा सुमारे ३८०० मीटर. तिथेही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो.

३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसे होणे ही लक्षणे दिसली की तिथेच थांबावे. शंका आली तर जमिनीवर रेघ ओढून टाचेला अंगठा लावत दहा पावले चालायला सांगा. झोक गेला, किंवा बसल्या जागी धाप लागत असली, तर उजाडायची वाट न पाहता खाली उतरवा. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, सल्फाची अ‍ॅलर्जी आधी सांगावी. दारू नकोच.

बूट महिनाभर आधी वापरा, अर्धा नंबर मोठे घ्या. उतारावर बोटे आपटून नखे काळी पडतात. रात्री बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो, बूच मोकळे राहते.

आयोजकांनी पत्रकात फोटो कमी छापून प्रत्येक मुक्कामाची उंची छापावी.

– एक वाचक, नाशिक