टीव्हीचा आवाज आणि बाबांचे कान

सुदामा नगर, इंदूर
कोजागरी पौर्णिमा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, हल्ली आपल्याकडे टीव्ही लागला की खालच्या दुकानातसुद्धा बातम्या ऐकू जातात. आणि बाबा, तुम्ही म्हणालात की त्या निवेदकांनाच धड बोलता येत नाही. मी काही सुचवायला गेले की 'कशाला उगाच खर्च' म्हणून तुम्ही विषय बदलता, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. दिवाळीला येताना मी तुमच्यासाठी साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेऊन येणार आहे. तो कसला, कशासाठी आणि कुठे ठेवायचा, हे आधी वाचून घ्या. मग काय रागवायचं ते रागवा.

बाबा, निवेदक पुटपुटतात हे तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. आपल्या जुन्या मोठ्या टीव्हीला पुढच्या बाजूला, पडद्याच्या शेजारीच स्पीकर होते. आताचे टीव्ही इतके पातळ झाले, कडा इतक्या बारीक झाल्या, की स्पीकरला पुढे जागाच उरली नाही. ते खाली नाहीतर मागे गेले. म्हणजे बोलणारा भिंतीकडे तोंड करून बोलतो आणि आपल्या कानावर येतं ते भिंतीवरून परतलेलं. त्यात आपली बैठकीची खोली मोकळी: गार फरशी, उघड्या भिंती, वर दगडी पटियांचं छत. तिथे शिंकलं तरी घुमतं.

उरलेलं निम्मं कानाचं आहे. हे मी काळजीपोटी लिहिते आहे, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की कानाला सगळे आवाज सारखेच कमी ऐकू येऊ लागतात असं नाही. आधी जातात ते बारीक, उंच आवाज. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर भरदार असतात, ते ऐकू येत राहतात. पण स, श, फ, थ ही व्यंजनं मुळातच बारीक आणि हलकी. ती निसटली की कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. उन्हाळ्यात मी 'गाडी सात वाजता पोचेल' म्हटलं आणि तुम्ही 'आठ' ऐकलंत, ते यातूनच. आवाज कितीही वाढवला तरी यावर उपाय होत नाही, कारण भरदार होता तो आवाज आणखी भरदार होतो, मागचं संगीत दणाणतं, आईचं डोकं उठतं आणि तो 'स' काही केल्या सापडत नाही.

इकडच्या आईंचंही अगदी हेच चाललं होतं. मालिकेत कोण काय म्हणालं ते त्या नातीला विचारायच्या. ती कधी सांगायची, कधी वैतागायची. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. नुसती चित्रं बघत बसायच्या आणि मध्येच उठून आत जायच्या. ते मला बघवेना. घरात सराउंडचा, म्हणजे चारी बाजूंनी आवाज देणारा, साउंडबारचा सेट आला तो जावयांच्या क्रिकेटसाठी, असं सगळे समजतात. मी हट्ट धरला होता तो त्यांच्यासाठी.

महाराणी रोडवरची दुकानं मी पालथी घातली. दुकानात ऐकवतात काय, तर मारामाऱ्या आणि स्फोट. छातीत धडधड होते आणि विक्रेता विचारतो, "मॅडम, बेस कैसा लगा?" मी त्याला बातम्या लावायला सांगितल्या, मग एक मराठी नाटक, तेही आवाज अगदी कमी करून. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला मागच्या रांगेत बसलं तरी जसं एकेक वाक्य पोचतं, तसं पोचलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. कमी आवाजात जो शब्द खात नाही तो चांगला, ही माझी परीक्षा, आणि ती मी कुणालाही सांगेन. खोक्यावर ठळक छापलेले वॉटचे आकडे मी मनावर घेतले नाहीत. वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहा लागतात. आणि बोल स्पष्ट आहेत की नाहीत, ते वॉटवरून कळतच नाही.

५.१ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा: पुढे डावा, उजवा आणि मधला, मागे दोन, असे पाच, आणि तो पॉइंट एक म्हणजे सबवूफर, खर्जापुरता. या पद्धतीने तयार केलेल्या चित्रपटात किंवा मालिकेत पात्रांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. संगीत दोन बाजूंना, गर्दी-पाऊस-वारा मागे. टीव्हीच्या इवल्याशा स्पीकरांत हे सगळं एकमेकांवर चढतं आणि बोलणं खाली दबतं. इथे बोलण्याला स्वतःची जागा मिळते, आणि रिमोटवरून एकटा मधला स्पीकर वाढवता येतो. माझ्या मते सगळे पैसे याच गोष्टीचे आहेत. स्वस्तातल्या पुष्कळ साउंडबारवर २.१ असतं, म्हणजे मधला स्पीकरच नाही. तसला तुमच्यासाठी मला नको आहे.

इकडच्या आईंसाठी मी मधला वाढवला आणि रिमोटवरचं संवाद स्पष्ट करणारं बटण लावलं. ते बोलण्यातले बारीक आवाज जरा उचलून देतं. त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, तर बाहेरून त्यांचा आवाज आला, "मोठ्यांशी असं बोलतात का गं?" मला वाटलं नातीला रागावल्या. रागावल्या होत्या त्या मालिकेतल्या सुनेवर. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले, बाबा. किती दिवसांनी त्या टीव्हीशी भांडत होत्या!

आता हा सेट रोज वापरायला लागल्यावर कळलेल्या गोष्टी. मागचे स्पीकर वायरलेस म्हणतात, पण प्रत्येकाला विजेचा प्लग लागतोच; वायर नसते ती फक्त बारपासून त्यांच्यापर्यंत. ते बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, थोडे मागे आणि कानाच्या उंचीला ठेवायचे. आमचा डावा स्पीकर मध्येच तुटक वाजायचा, तेव्हा वायफायचं राउटर त्याच्याजवळून हलवलं आणि तो सुधारला. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो. काचेच्या कपाटात सासूबाईंच्या स्टीलच्या वाट्या एकात एक रचून ठेवल्या आहेत, त्या ठरावीक सुरावर किणकिण करायच्या, बाकी सगळं शांत. सबवूफरचा डबा भिंतीपासून हातभर पुढे ओढला, खाली जाड रबरी मॅट घातली, तेव्हा थांबल्या. खर्ज भिंतींतून आणि स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो, म्हणून रात्री नाइट मोड लावतो: मोठे दणके दबतात, हलकं बोलणं वर येतं. आई, तुझी झोप आणि बाबांच्या रात्रीच्या बातम्या, दोन्ही त्याने सांभाळलं जाईल. बाकी मजा म्हणाल तर सिनेमात मागून पाऊस आला की नात गॅलरीतले कपडे काढायला धावते.

तुमच्याकडे मात्र अ‍ॅटमॉस नको, मग कुणी काही म्हणो. डॉल्बीचं हे तंत्र २०१२ मध्ये आधी चित्रपटगृहांत आलं. घरच्या साउंडबारमध्ये वरच्या तोंडाचे स्पीकर आवाज छतावर फेकतात, आणि तो परतून डोक्यावरून आल्यासारखा वाटतो. त्याला सपाट आणि बेताच्या उंचीचं छत लागतं, साधारण साडेसात ते बारा फूट. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या आपल्या घराचं छत चौदा फुटांच्या खाली नाही, त्यात पटियांच्या मधून लोखंडी गर्डर गेलेत. तिथे त्याचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? साधा ५.१, एचडीएमआयची एक वायर, बस्स. तुमच्या टीव्हीच्या मागे एआरसी लिहिलेली जागा आहे, मी मागच्या खेपेला बघून ठेवली होती. त्या वायरीने टीव्हीबरोबर बारही चालू होतो आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. दुसरा रिमोट आईने खुशाल कपाटात ठेवावा. विजेच्या चढउतारासाठी स्पाइक गार्ड मीच आणते.

बाबा, गाण्याचं वेगळं आहे आणि ते तुम्हाला नीट सांगायला हवं. आपल्या ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव शंकर पंडितांची जुनी ध्वनिमुद्रणं मी इथे लावून पाहिली. सराउंडवर ठेवलं तर यंत्र आपल्या मनाने तो आवाज पाचही ठिकाणी पसरवतं. तानपुरा पाठीमागे जातो, गळा पोकळ होतो. ते मला सहन झालं नाही. साध्या स्टीरिओवर आणलं, मागचे दोन बंद झाले, आणि बुवा समोर बसून गायला लागले, तान दाणेदार. तुम्ही तरुणपणी शंकर गांधर्व महाविद्यालयात जे कानात साठवलंत त्यापुढे हे काही नाही, पण आताच्या तुमच्या टीव्हीपेक्षा पुष्कळच बरं आहे. डिसेंबरात थंडीमुळे तानसेन समारोहाला हजिऱ्याला जाणं झालं नाही, तर निदान घरी बसून तरी नीट ऐकता येईल.

एक अट मात्र आहे. साउंडबारने टीव्ही ऐकू येईल, आई स्वयंपाकघरातून काय म्हणाली ते ऐकू येणार नाही. भाऊबीजेनंतर मी दोन दिवस जास्त राहते आणि आपण जयारोग्य रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जाऊन तपासणी करून घेऊ. शांत खोलीत हेडफोन लावतात, बारीक-जाड आवाज एकेक करून ऐकवतात, ऐकू आलं की खूण करायची. दुखत-खुपत काही नाही. कधी कधी नुसता मळ निघतो. आणि यंत्र लावायला सांगितलंच, तर हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत टीव्हीचा आवाज थेट कानात घेता येतो. नको म्हणू नका. नातीच्या गोष्टी तुम्ही हसून ऐकता, पण त्यातलं निम्मं तुमच्यापर्यंत पोचत नाही, हे आता तिच्याही लक्षात यायला लागलं आहे.

आई, तू एक काम कर. शिंप्याची टेप घेऊन टीव्हीखालच्या फळीची लांबी, खोली आणि फळीपासून टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजून ठेव. बार फळीच्या पुढच्या कडेला ठेवायचा आहे, आत सारून नाही, आणि टीव्हीच्या रिमोटचा डोळा झाकला जाता कामा नये. बाबांच्या आरामखुर्चीच्या मागे प्लग आहे का तेही बघ. नसेल तर मी येण्याआधी वायरमनला बोलावून बसवून घे. रविवारी फोन करते, तेव्हा मापं सांग.

चकल्या तू एकटीने करू नको, मी आल्यावर करू.

तुमची लेक