मॅडम, त्या निळ्या दगडाबद्दल मनापासून थँक्यू

मॅडम नमस्कार, काकांचा निळा दगड नेमका कोणता ते तपासून दिलंत म्हणून फोनवर थँक्यू म्हटलं होतं पण ते काही मनासारखं झालं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

आमचे काका पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत सुरुंग लावायचे, सगळा दगड क्रशरला जायचा पण दगडातल्या पोकळीत काही वेगळं चमकलं की ते काकांच्या डब्यात. त्यातलाच तो, स्टिलबाइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर मटारच्या दाण्याएवढे गर्द निळे गोळे, नीट बघितलं तर टोकदार स्फटिक मध्यातून चहूबाजूंना निघालेले. घरात कोणी म्हणे मोरचूद, कोणी नीलम, आणि काकांचं ठाम मत की हे जगात कुठेच नाही, याला आपल्या गावाचं नाव पाहिजे!

तुम्ही हातात घेतल्या घेतल्या ओळखलं असणार, पण लगेच नाव सांगितलं नाहीत. आधी एक सुटा कण पाण्यात टाकायला लावलात, मोरचूद असता तर विरघळून पाणी निळं झालं असतं, तसं काही झालं नाही. मग म्हणालात कॅव्हन्साइट नावाचं खनिज वाटतंय, पण पेंटागोनाइट नावाचं दुसरं खनिजही असंच निळं असतं, दोघांत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका, पाणी सगळं त्याच प्रमाणात, फरक फक्त आतल्या मांडणीत, त्यामुळे एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी आतली मांडणी बघायची तपासणी, केल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि चिमूटभर पूड घेऊन, दगडाची शोभा न घालवता, ते करूनही दिलंत. निघालं कॅव्हन्साइटच. विकणारे एवढी डोकेफोड करत नाहीत हो, लेबल चिकटवलं की मोकळे.

काकांना सांगायचं कसं हाच मोठा प्रश्न होता. तेही तुम्हीच सांगितलंत, की हे अमेरिकेत ओरेगॉनमध्ये १९६७ लाच सापडलंय, १९७३ मध्ये रीतसर नोंदही झाली, पण जगभरच्या म्युझियममधले सगळ्यात देखणे नमुने वाघोलीचे. काका म्हणाले, म्हणजे नाव त्यांचं, माल आपला. मग तुम्ही वही काढलीत आणि निळं खाणीत कुठल्या बाजूला लागायचं, किती खोल, सोबत काय असायचं असं विचारत बसलात आणि ते सांगतील ते सगळं लिहून घेतलंत. काकांना खाणीबद्दल असं कोणी कधीच विचारलं नव्हतं, त्या दिवशी जेवतानाही तेच चालू होतं.

आता दगड तुमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवायला काका तयार आहेत, फक्त लेबलवर वाघोली जरा मोठ्या अक्षरात पाहिजे म्हणतायत. बघा जमलं तर.