‘फुकटचा वेग’ आणि मदरबोर्डने परस्पर केलेले बदल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संगणकाचा प्रोसेसर ‘ओव्हरक्लॉक’ करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून, फुकटात वेग कसा वाढवावा, याविषयी आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. अकोल्यात पंचवीसेक वर्षे संगणक जुळवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करीत असल्याने चार शब्द लिहावेसे वाटले. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्ड या मुख्य बोर्डावरच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन मल्टिप्लायर कसा वाढवायचा, हे त्या मजकुरात बरोबर सांगितले आहे. मात्र आपण काहीही बदलण्याआधी मदरबोर्डने स्वतःच काय काय बदलून ठेवलेले असते, याबद्दल त्यात अवाक्षर नाही; आणि माझ्या मते पाहायला सुरुवात तिथूनच करावी लागते.

प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ क्लॉक आणि मल्टिप्लायर यांचा गुणाकार. मूळ क्लॉक आज बहुधा १०० मेगाहर्ट्झ असतो. त्याला ५० ने गुणले की ५ गिगाहर्ट्झ. १९९८ साली आलेल्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचा मल्टिप्लायर साडेचारवर कायम केलेला होता, म्हणून हौशी मंडळी बसचा (म्हणजे मूळ क्लॉकचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेत आणि ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालवीत, तेही पुष्कळदा व्होल्टेजला हात न लावता. ‘फुकट’ हा शब्द त्या काळी शोभत होता. (ती चटक मलाही लागली होती, हे कबूल करतो.) आता चिपमधला तसा बहुतेक वाव कंपन्या टर्बो किंवा बूस्टच्या नावाने आधीच वापरून टाकतात, आणि उरलेल्याची किंमत विजेत व उष्णतेत मोजावी लागते.

ती किती, हे साध्या गणिताने कळते. चिप काम करताना खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.५ गिगाहर्ट्झचे ५ करण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर न्यावे लागले असे धरा, तर वेग वाढतो ११ टक्के आणि विजेचा खप सुमारे ४० टक्के. ही सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. कितीही भारी पंखा किंवा पाण्याचा कूलर बसवला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात आमच्या वऱ्हाडात दुपारी खोलीतच चाळीसच्या आसपास तापमान असते. थंडीत तासन्‌तास चाचणी करून पक्के केलेले सेटिंग उन्हाळ्यात कोलमडते, ते यामुळेच.

गेल्या उन्हाळ्यात लग्नाचे व्हिडिओ संपादित करणारे एक गृहस्थ आपला संगणक घेऊन आले. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मधेच यंत्र बंद पडे. ओव्हरक्लॉकिंग हा शब्दही त्यांनी ऐकलेला नव्हता. बायोस उघडून पाहिले, तर विजेच्या मर्यादेच्या रकान्यात चार हजार वॉटहून मोठा आकडा, म्हणजे मर्यादा नाहीच. शिवाय सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या भागांना) एकाच वेळी कमाल वेगाने पळवणारी सुविधाही चालू. हे कोणी मुद्दाम केलेले नव्हते. मदरबोर्डची मूळ सेटिंगच तशी होती. प्रोसेसरच्या कंपनीने सांगितलेली मर्यादा घातली, ती सुविधा बंद केली, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलली. एक्स्पोर्टला काही मिनिटे जास्त लागू लागली, पण काम पुरे होऊ लागले.

हा प्रकार इथल्यापुरता नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचा प्रश्न २०२४ मध्ये जगभर गाजला. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे चिपमधील एका सर्किटची अकाली झीज होत होती. मुख्य दोष चिपच्याच मायक्रोकोडचा (तिच्या अंतर्गत सूचनांचा) होता, आणि तो दुरुस्त करणारी नवी आवृत्ती बायोसमार्फत देऊन कंपनीने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. परंतु मदरबोर्डची सेटिंग कंपनीच्या शिफारशीपलीकडे असणे, हेही तिने एक कारण म्हणून नोंदवले. त्याआधी २०२३ मध्ये एएमडी कंपनीच्या रायझेन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाले, तेव्हा तिने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या रॅम हाताळणाऱ्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. रॅमचे एक्स्पो किंवा एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) ‘चालू’ करणे हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच असते, हे दुकानात फार थोडे जण सांगतात.

ज्यांना हौस आहे त्यांनी ती जरूर भागवावी. माझा विरोध नाही. बायोसची नवी आवृत्ती घालून आधी विजेच्या मर्यादा पाहाव्यात, मल्टिप्लायर एकेका आकड्याने वाढवावा, व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नये (बोर्ड ते गरजेपेक्षा जास्त देतो असा माझा अनुभव आहे), आणि प्रत्येक पायरीवर काही तास पूर्ण भार टाकून पाहावे. यंत्र बंद पडणे परवडते. चूक करूनही चालत राहणारे यंत्र हिशेबाच्या फायली हळूहळू बिघडवते आणि बॅकअपमध्येही तीच बिघडलेली फाइल जाते, ते परवडत नाही. काहीच सुरू होईनासे झाले तर बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी, वीज पूर्ण तोडून, काही मिनिटे काढून ठेवली की सेटिंग बहुधा मूळपदावर येतात. मात्र ते ‘मूळपद’ बोर्डाच्या कंपनीचे असते, प्रोसेसरच्या नव्हे.

म्हणून माझी सूचना आम्हा जुळणी करणाऱ्यांसाठीच आहे. बिलावर रॅम आणि हार्ड डिस्क लिहितो, तशी विजेची मर्यादा किती ठेवली आणि रॅमचे कोणते प्रोफाइल चालू केले, ही एक ओळही लिहून द्यावी. माझ्या दुकानातून गेल्या जूनपासून मी ती देऊ लागलो आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
अकोला