किती गाळलं याचा हिशेब पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर फॅण्टसी चित्रपट आला की आपल्या पुरवणीत त्याचं परीक्षण येतं आणि मी ते आवर्जून वाचतो. पण हल्ली ही परीक्षणं उघडण्याआधीच पाठ असल्यासारखी वाटतात. पहिल्या परिच्छेदात कादंबरीच्या किती प्रती खपल्या ते, दुसऱ्यात पुस्तकातलं काय काय गाळलं त्याची यादी, तिसऱ्यात व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर रचलेली दृश्यं, 'डोळे दिपवणारे', मग 'पुस्तकाची सर नाही' आणि खाली तीन तारे. एवढ्यावरून चित्रपट बघावा की नाही, हे काही केल्या कळत नाही.

त्यातली ती गाळलेल्या प्रसंगांची यादी तर अगदीच निरुपयोगी. हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांत सगळ्यात लांब आहे तो दुसरा, 161 मिनिटांचा. आणि तो ज्या पुस्तकावर बेतलाय ते मालिकेत पहिल्याच्या खालोखाल आटोपशीर. उलट पाचवं पुस्तक सगळ्यात जाडजूड, पण त्याचा चित्रपट 138 मिनिटांत उरकलेला. पानांच्या हिशेबाने दुसरा चित्रपट सर्वोत्तम ठरायला हवा, कारण त्यात फारसं काही सुटलेलंच नाही. तसं म्हणणारा पॉटरभक्त मला अजून भेटायचाय.

समीक्षकांनी डोक्यावर घेतला तो 2004 सालचा तिसरा, अल्फोन्सो क्वारोनने दिग्दर्शित केलेला. आणि पुस्तक तोंडपाठ असलेल्यांची कुरकुरही त्याच्याबद्दलच कानावर येते. तो जादूचा नकाशा कुणी बनवला, त्यावरच्या चार टोपणनावांमागची माणसं कोण, हे पुस्तकात उलगडतं. चित्रपटात त्याचा पत्ताच नाही. ही तक्रार रास्त आहे, कारण हॅरीचे वडील त्या चौघांपैकी एक आणि हरणाचं रूप घेणारे, हे कळलं नाही तर शेवटाकडे हॅरीला वाचवायला जादूचं हरीण येतं तो प्रसंग निम्मा मुका होतो. पण त्याच चित्रपटात शाळेच्या आवारातलं ते मारकुटं झाड बघा. जवळून उडणाऱ्या पाखराला फटकारतं काय, थंडी सरल्यावर अंगावरचं बर्फ झटकतं काय! शाळेचं वर्ष पुढे सरकल्याचं कुणी एक शब्द न बोलता समजतं. मुलं टाय सैल सोडून, शर्ट बाहेर काढून हिंडतात, तेरा वर्षांची मुलं हिंडतात तशीच. पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही. तरी पुस्तकातलं ते चिडकं, अवघडलेलं वय पडद्यावर पुरेपूर उतरलंय. परीक्षणात मला हे वाचायला मिळायला हवं होतं. मिळाली ती नकाशाची तक्रार.

मग बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी एक गोष्ट बघावी. कथेतल्या जादूची किंमत कोण मोजतं, आणि चित्रपटाने ती वसूल केली की माफ करून टाकली? चांगल्या बालकादंबरीत जादू फुकट नसते. वर असो, शाप असो, दुसऱ्या जगाचं दार असो, त्याच्या बदल्यात मुलाकडून काहीतरी जातं, आणि गेलेलं परत येत नाही. लेखक हे बेधडक लिहून जातात. निर्मात्यांचा धीर मात्र नेमका इथेच सुटतो, कारण तिकिटं आईवडील काढतात.

रोआल्ड डाल यांच्या 'द विचेस' या 1983 सालच्या कादंबरीचं उदाहरण घ्या. चेटकिणी गोष्टीतल्या मुलाचा उंदीर करतात. पुढे तो आणि त्याची आजी मिळून त्या चेटकिणींची खोड मोडतात, पण मुलगा उंदीरच राहतो. कुठली मात्रा सापडत नाही की कुणाला दया येत नाही. शेवटाकडे तो आजीला विचारतो, मी किती वर्षं जगेन? आजी सांगते, साधारण नऊ. आजी स्वतः शहाऐंशी वर्षांची. त्यावर पोराला हायसंच वाटतं, कारण आजीच्या मागे जगायची त्याची इच्छाच नाही. मरणाबद्दल मुलांशी इतकं सरळ बोलणारं पान मी क्वचितच वाचलंय. 1990 साली निकोलस रोग यांनी यावर चित्रपट केला, आणि त्यात शेवटी एक सुधारलेली चेटकीण येऊन उंदराचा पुन्हा मुलगा करून जाते. सगळी किंमत माफ! डाल यांना हा शेवट अजिबात मानवला नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

आता गंमत बघा. 2020 मध्ये रॉबर्ट झेमेकिस यांनी तीच कादंबरी पुन्हा पडद्यावर आणली आणि मुलाला उंदीरच ठेवलं. माझ्या कसोटीवर हा चित्रपट सरस ठरायला हवा. नाही ठरत. पहिल्या चित्रपटात सभागृहाची दारं बंद होतात, साध्या बायकांच्या वेषातल्या चेटकिणी डोक्यावरचे टोप उतरवतात आणि महाचेटकीण झालेली अँजेलिका ह्यूस्टन स्वतःचा चेहरा सोलून काढते, तो प्रसंग आजही अंगावर येतो. ते मुखवटे बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या कारागिरांनी हाताने घडवलेले. आडोशाला लपलेला मुलगा त्याच खोलीत आहे आणि समोरचा तो चेहराही खरोखर त्याच खोलीत आहे, हे बघणाऱ्याला जाणवतं. नव्या चित्रपटातली महाचेटकीण संगणकाच्या जोरावर कानापर्यंत तोंड फाकवते, आणि आपण ते नुसते बघत बसतो. म्हणजे एकाने शेवट बिघडवला आणि भीती राखली, दुसऱ्याने शेवट राखला आणि भीती घालवली. परीक्षण लिहिणाऱ्याने या दोन्ही गोष्टी तोलून, आपलं पारडं कुठे झुकतं ते सांगावं. माझं झुकतं जुन्याकडे, पण शेवटची दहा मिनिटं वगळून.

गोष्ट भरपूर बदलूनही किंमत राखता येते. डायना विन जोन्स यांच्या 1986 सालच्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'वर हायाओ मियाझाकी यांनी 2004 मध्ये ॲनिमेशनपट केला. पुस्तकात त्या चालत्या वाड्याचं एक दार थेट आपल्या जगातल्या वेल्समध्ये उघडतं. मियाझाकींनी वेल्स पार काढून टाकलं आणि पुस्तकात दूर कुठेतरी असलेलं युद्ध कथेच्या मध्यावर आणून ठेवलं. गाळल्याची यादी करायला बसलात तर पान पुरायचं नाही. पण शापाने म्हातारी झालेली सोफी बघा. झोपेत तिचा चेहरा तरुण होतो, कुणाची बाजू घेऊन ती तावातावाने बोलायला लागली की पाठ सरळ होते, सुरकुत्या विरतात, आणि स्वतःबद्दल वाईट बोलली की त्या पुन्हा येतात. पुस्तकात सोफी स्वतःच हे म्हातारपण पांघरून बसलीये, हे आपल्याला हळूहळू कळत जातं. चित्रपट ते चेहऱ्यावर दाखवतो. मूळ लेखिकेनेही या चित्रपटाबद्दल आपुलकीनेच बोलून दाखवलं होतं. रूपांतर म्हणतात ते याला.

व्हीएफएक्सबद्दल थोडक्यात. फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरच्या 'द गोल्डन कंपास'ला (2007) व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्यातली चिलखती अस्वलं खरोखर देखणी होती. पण पुस्तकाची शेवटची प्रकरणं, जिथे सगळी किंमत एका फटक्यात चुकती होते, ती चित्रपटातून काढून पुढच्या भागासाठी राखून ठेवली. पुढचा भाग आलाच नाही. प्रेक्षक आशेच्या सुरावर घरी गेले, आणि पुस्तक वाचलेली मुलं विचारत राहिली की खरा शेवट कुठे गेला. तेव्हा 'दृश्यं डोळे दिपवणारी' या वाक्याला परीक्षणात पाव ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नये. दृश्याने काय साधलं ते सांगावं. एल. फ्रँक बॉम यांच्या ओझच्या पुस्तकात नायिका डोरोथीचं घर असलेला अमेरिकेतला कॅन्सस पहिल्या पानापासून राखाडी आहे. जमीन, गवत, घर, काका, काकू, सगळंच राखाडी. 1939 च्या चित्रपटाने तो भाग तपकिरी छटेत चित्रित केला आणि ओझच्या जादूच्या देशात पोचून डोरोथीने दार उघडल्यावर पडदा रंगांनी भरून टाकला. हे पुस्तकातूनच उगवलेलं दृश्य. त्याच चित्रपटाने शेवटी तो सगळा प्रवास स्वप्न ठरवला, जो पुस्तकात अगदी खरा आहे. त्याबद्दल मी त्या चित्रपटाला अजून माफ केलेलं नाही, लोक कितीही कौतुक करोत.

म्हणून विनंती अशी की अशा चित्रपटाला शक्य तर दोघांना पाठवा. एकाने पुस्तक वाचलेलं असावं, दुसऱ्याने नसावं. न वाचलेल्याला गोष्ट कळली का, त्या जगाचे नियम ध्यानात आले का, हे वाचलेला माणूस सांगूच शकत नाही. त्याच्या डोक्यात पुस्तक सगळ्या फटी बुजवत असतं. आणि मुलाच्या कथेत शेवटचं काम मूलच करतं की कुणी मोठा माणूस येऊन सोडवतो, हेही लिहा. पडद्यावर मोठ्या नटांना घेतलं की त्यांना काम द्यावं लागतं, आणि ते बहुधा पोराच्याच वाट्यातून काढून दिलेलं असतं.

एक शेवटचं. 'लहान मुलांना भीती वाटू शकते' हे वाक्य आपले परीक्षक दोष म्हणून लिहितात. मुलं भीतीसाठीच तर ही पुस्तकं अंथरुणात शिरून पुन्हा पुन्हा वाचतात. भीतीवरून एखादा तारा कमी करू नका. कुठला प्रसंग, साधारण किती वेळ चालतो, आणि ती भीती पुढे उतरते की तशीच राहते, एवढं लिहा. पाच वर्षांच्या धाकट्याला घरी ठेवायचं आणि नऊ वर्षांच्या थोरलीला न्यायचं का, ते आमचं आम्ही ठरवू.

आपला,
एक नियमित वाचक