निळ्या वहीतल्या खुणा

कोथरूड, पुणे
रविवार, सकाळ

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "मी कुठे गायिका होते? कोरसमध्ये मागे उभी असायचे." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

गेले काही महिने शनिवारी संध्याकाळी मी कर्वेनगरला एका हौशी गायकवृंदात गायला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे आमचे सर युरोपातल्या रेडिओच्या गायकवृंदांची ध्वनिमुद्रणं ऐकवतात. रेडिओचे स्वतःचे, पगारी गायकवृंद! सकाळी तालमीला जायचं, नवी स्वरलिपी समोर आली की वाचून लगेच गायची, आज जर्मन, उद्या लॅटिन, परवा रशियन. आणि आयुष्यभर हेच काम. घरी आल्यावर मी रात्री उशिरापर्यंत त्यांच्याबद्दल वाचत बसते.

सुरुवातीला रेडिओवर जवळजवळ सगळं थेट व्हायचं. तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटं मावायची, मग तासाभराचं संगीत हवं तर माणसंच हवीत. बर्लिनमध्ये १९२३ साली रेडिओ सुरू झाला आणि १९२५ मध्ये त्याचा गायकवृंद उभा राहिला. स्वीडनच्या रेडिओचाही त्याच वर्षीचा, बीबीसीचा त्याआधी एक वर्ष. बाबा, रेडिओची ही भूक तुम्हाला मी काय सांगू! आपलं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं, आणि १ एप्रिल १९५५पासून दर आठवड्याला गीतरामायणातलं नवं गाणं, अशी ५६ गाणी. ती ऐकायला तुम्ही शेजारच्या वाड्यात जाऊन जिन्यावर बसायचात.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता तेव्हा, १९४३ साली, पुलांक या संगीतकारानं पॉल एल्युआरच्या कवितांना स्वर दिले. वाद्य एकही नाही, नुसते माणसांचे आवाज, त्यांच्या एकाच वेळी चालणाऱ्या बारा वेगवेगळ्या सुरावटी. शेवटची कविता स्वातंत्र्यावरची. पॅरिसमध्ये तेव्हा हे उघडपणे कोण गाणार? मार्च १९४५ मध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं ते लंडनहून, बीबीसीच्या गायकवृंदाकडून, इंग्रजी भाषांतरात. इतकं अवघड गाणं, तेही वाद्याच्या आधाराशिवाय. रोज एकत्र गाणारी माणसं तयार होती म्हणूनच ते जमलं असणार, असं मला वाटतं. मार्च २०२३ मध्ये बीबीसीनं आपला जेमतेम वीस गायकांचा वृंद बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि त्याच महिन्यात तो निर्णय थांबवला गेला. वाचताना माझे डोळे भरून आले. मागच्या रांगेतल्या माणसांसाठी होत्या त्या सह्या, आई.

बर्लिनची गोष्ट आणखी निराळी. शहराचे दोन तुकडे झाले, तसे दोन्हीकडच्या रेडिओंचे दोन गायकवृंद. भिंत पडली, आणि १९९४पासून दोन्ही एकाच संस्थेच्या छपराखाली आहेत. त्यातल्या पूर्वेकडच्या मोठ्या वृंदात साठेक गायक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी ब्राम्स या जर्मन संगीतकाराचं मृतांसाठीचं गाणं रंगमंच सोडून, श्रोत्यांमध्ये फिरत गायलं. मी त्याचं चित्रीकरण पाहिलं. एक बाई गर्दीत उभ्या आहेत आणि त्यांच्या अगदी कानाशी एक गायिका गायला लागते. एकटीचा आवाज, अगदी साधा. मला लहानपणचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू पोळ्या लाटताना गायचीस, तेव्हाच काय तो तुझा आवाज वेगळा ऐकू यायचा.

आता खरं सांगायचं ते. आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात श्वास शिकवला. सूर लांब असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारीण थांबली की आपण गात राहायचं. ती परत आली की आपण ओळीच्या मध्येच, शब्दाच्या पोटात हळूच थांबायचं, श्वास भरायचा आणि कुणाला कळणार नाही असं परत शिरायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा सूर कधी तुटलाच नाही. रेडिओच्या गायकांचं अर्धं कसब त्यातच आहे, कारण मायक्रोफोनला सगळं ऐकू येतं.

त्या रात्री मी सदाशिव पेठेतलं घर आवरताना आणलेली तुझी निळी वही काढली. कॉलेजात असताना तू सायकलवरून शिवाजीनगरला आकाशवाणीत समूहगानाला जायचीस, तेव्हाची. शब्दांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. लहानपणी मला त्या मात्रा वाटायच्या. आता नीट पाहिलं. ओळीच्या शेवटी फुली, आणि त्याच ओळीच्या मध्यात, शब्द अर्धवट असताना, स्वल्पविराम. एके ठिकाणी तर लिहिलंयस, "इथे श्वास नाही, ती घेईल."

आई, बर्लिनमध्ये माणसं हे काम आयुष्यभर करतात. तू ते विशीत केलंस. परत "मी कुठे गायिका" म्हणू नकोस.

आमच्याकडे खालच्या आवाजाच्या बायका तीनच आहेत. तुझा सूर काळी चारवरून उतरलाय म्हणून तू हळहळतेस, पण आम्हाला नेमका तोच हवाय. पाऊस ओसरला की वाईहून दोघं या. शनिवारी मी तुला घेऊन जाईन. जिना नाही, बसून गायचं. बाबांना खिडकीजवळची खुर्ची.

वही माझ्याच टेबलावर आहे. चौदाव्या पानावर एका खुणेशेजारी कुणाचं तरी नाव लिहून खोडलंय, ते वाचता येत नाही. तुझ्या शेजारी कोण उभी असायची?

तुमची,
लेक