हिची गाणी, पुसू नये

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर आपण रोज बोलतोच, पण तिथे हे नीट सांगून होणार नाही. मध्येच गोळ्यांची वेळ होते, नाहीतर दाराची बेल वाजते. म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिचा चष्मा बदलायचा राहिलाय हे मला ठाऊक आहे.

दादाने उन्हाळ्यात मिरजेला बसून ज्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या, त्या सगळ्या त्याने मला पेनड्राइव्हवर पाठवल्या. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. त्यामुळे नावं घालत बसायला त्याला सवड झाली नाही. ‘टेप ३४ ए’, ‘टेप ३४ बी’, एवढंच. कव्हरांचे फोटो वेगळे. अशा यादीतून काय निवडणार? मी शफल लावलं, म्हणजे क्रम यंत्रावर सोडला, आणि भाजी चिरायला घेतली. तेव्हापासून संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात तुमची गाणी लागलेली असतात.

बाबा, तुमच्यातला गणिताचा मास्तर लगेच विचारणार, ‘क्रम खरंच कसाही लागतो की यंत्र काही खेळ करतं?’ मी वाचून ठेवलंय. पत्ते पिसल्यासारखी सगळी यादी आधी पिसली जाते आणि मग वरून एकेक गाणं लागतं. पिसण्याची ही रीत फिशर आणि येट्स या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडली होती, तेव्हा अर्थात कागदावर. गंमत पुढे आहे. खरोखर पिसलेल्या यादीत एकाच गायकाची दोन-तीन गाणी लागोपाठ येणारच, पण लोकांना वाटायचं की यंत्रच बिघडलंय. म्हणून स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने २०१४ च्या सुमारास आपली पद्धत बदलली आणि एका गायकाची गाणी मुद्दाम लांब लांब पेरायला सुरुवात केली. आपल्या फायलींना गायकाचं नावच नाही, त्यामुळे पेरायचं काय हे कुणालाच कळत नाही. जे येतं ते अगदी चोख पिसलेलं. परवा तीन भैरव्या एकापाठोपाठ आल्या. तीन मैफिली संपल्या, सुरू एकही झाली नाही.

आणि ख्याल! बाबा, विलंबित ‘ए’ बाजूला आणि द्रुत ‘बी’ बाजूला असं तुम्ही शनिवारच्या रात्रीच्या संगीत सभेतून किती काय टिपून ठेवलंय. शफलमध्ये द्रुत आधी येतं, विलंबित चार दिवसांनी. बाजू उलटताना जे काही सेकंद लागायचे तेवढी तान गेलेली असते, रेडिओ थोडाच थांबणार होता? ‘ए’ बाजू जिथे तुटते तिथे शेवटच्या क्षणी तुमचं बोट बटणावर पडल्याचा ‘खट्’ ऐकू येतो. त्या ‘खट्’ची मला आता सवय झाली आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून तुम्ही उतरवून घेतलेल्या तीन-तीन मिनिटांच्या चिजा मात्र शफलला फार मानवतात, कारण मुळात त्या तेवढ्यातच बसवलेल्या. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, आणि आपण मिरजकर अजून उरुसात दर्ग्यात त्यांच्यासाठी गाणं ऐकायला बसतो, हे इथे बंगळूरमध्ये मी ऑफिसातल्या मुलींना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

गीतरामायणाचं तर विचारूच नका. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं लोकांनी क्रमाने ऐकली. माझ्याकडे राम आधी भरताची समजूत घालतो आणि मग अयोध्येत त्याचा जन्म होतो. आई, तुला हे पटायचं नाही. पण खरं सांगते, कथेचा धागा सुटल्यामुळे मी पहिल्यांदा बाबूजींच्या, सुधीर फडक्यांच्या, चालींकडे कान देऊन ऐकलं.

आता जे लिहायला बसले ते.

आपण घरात सगळे ‘बाबांच्या कॅसेट’ म्हणतो. पाहुण्यांनाही बाबांचा संग्रह म्हणूनच दाखवायचो. काचेच्या कपाटात वरच्या कप्प्यांत घराण्यांप्रमाणे ख्याल, मग नाट्यपदं, मग अभंग, आणि सगळ्यात खाली चपलांच्या खोक्यात ‘इतर’. ते ‘इतर’ आईचं होतं. दादाने उतरवताना कपाट आणि खोकं असा भेद केला नाही आणि शफल तर कुणालाच ओळखत नाही. त्यामुळे किराणा घराण्याच्या पाठोपाठ रेडिओवरचं ‘आपली आवड’ लागतं, निवेदिका फर्माइश करणाऱ्यांची गावं आणि नावं वाचते, आणि मग भावगीत. आई, तुझ्या टेपा निम्म्याला निम्म्या भरतील. इतकी वर्षं त्या घरात असून मी कधी ऐकल्याच नव्हत्या, कारण खालच्या खोक्यापर्यंत कुणी वाकायचंच नाही.

तुझ्या जुन्या टेपा रेडिओसमोर माइक ठेवून केलेल्या आहेत ना? रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन नंतर आला. त्यामुळे गाण्यासोबत आपली खोली पण आली आहे. बादलीत नळाची धार पडते आहे, दादा काहीतरी मागतो आहे आणि तू दबक्या आवाजात त्याला गप्प करते आहेस. एका टेपमध्ये तू गुणगुणते आहेस. ते मी तीन-चारदा मागे नेऊन ऐकलं. मधलं संगीत चालू असताना, गायिकेने अंतरा उचलायच्या आधीच तू तो उचलला आहेस, अगदी तिच्याच सुरात. ती येते आणि तुम्ही दोघी एका स्वरावर असता. ‘मला मेलीला गाण्यातलं काय कळतंय’ हे तुझं वाक्य मी जन्मभर ऐकत आले. आई, तुला कळतं. पुरावा माझ्याकडे आहे.

मग मी कव्हरांचे फोटो एकेक करून पाहिले. बाबांचं अक्षर, निळी शाई, राग, ताल, तारीख. आणि त्यातच एकावर बाबांच्याच अक्षरात, ‘हिची गाणी, पुसू नये’. कॅसेटचाही फोटो आहे. वरची दोन्ही प्लॅस्टिकची टोकं तोडलेली, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाला त्यावर काही भरता येणार नाही. दादाला विचारलं, तर म्हणाला, खोक्यातल्या बहुतेक टेपांची टोकं तोडलेली आहेत. बाबा, वरच्या कप्प्यातल्या किती ख्यालांवर तुम्ही तोडलेल्या टोकांच्या जागी चिकटपट्टी लावून दुसरं काही भरलंत ते मला आठवतंय. हिच्या एकाही टेपवर पट्टी नाही.

शिवाय तुमच्या नव्वद मिनिटांच्या सी-९० टेपांवर ख्याल संपून आठ-दहा मिनिटं उरली, की एक ‘खट्’ आणि पुढे भावगीत. ती जागा तुम्ही तिच्यासाठी ठेवत होतात, की आईच ती हक्काने घ्यायची? दोघांनी वेगवेगळं उत्तर द्या, मला दोन्ही हवी आहेत.

अजून एक. सी-९० ची फीत पातळ, त्यामुळे वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेल्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. शांततेत गायकाने ‘सा’ लावायच्या क्षणभर आधी तोच ‘सा’ फार दुरून, पुसट ऐकू येतो. दादा म्हणाला, कॉम्प्युटरवर तो काढून टाकता येतो. मी त्याला हात लावू नको म्हणून सांगितलं आहे.

आता कामाचं. रविवारी दुपारी चहानंतर मी फोन करीन आणि एकेक तुकडा ऐकवीन. बाबांनी राग आणि गायक सांगायचा, आईने गाण्याचे शब्द आणि ते कधी भरलं ते. मी नावं घालत जाईन. संग्रहाच्या नावात दोघंही असतील, ‘बाबांच्या कॅसेट’ आता म्हणायचं नाही. आई, लाजून ‘तुम्हीच सांगा हो’ म्हणायचं नाही.

माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांमागे अजून एक खोका आहे, त्यातलं दादाने काही उतरवलेलं नाही. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. खाली काढून कोरड्या कपाटात, उभ्या ठेवा, स्पीकरच्या जवळ नको. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट जुन्या सेटमध्ये अजिबात लावू नका, ती बुरशी हेडला लागून दुसऱ्या कॅसेटवर जाते. अशा बाजूला काढून ठेवा. दिवाळीत दादा डेक घेऊन येतोय, मीही चार दिवस जास्तीची रजा टाकली आहे.

तुमची,
धाकटी